फसले म्हणू नका

मेट्रनबाईंच्या घरी गेलं की बसा म्हणायच्या आधी त्या म्हणत, "हात बघू." नवखा माणूस गोंधळून तळवे पुढे करी. त्याला वाटे, बाई भविष्य सांगतात. त्या हात उलटे करत, नखं पाहत आणि मगच खुर्चीकडे बोट दाखवत. पोस्टमन, गॅसचं सिलिंडर आणणारा, वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं, यातून कोणी सुटलं नाही. नगरसेवकपदाचा एक उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याचे जोडलेले हात तसेच धरले, चष्म्याखालून पाहिले आणि आतून नेलकटर आणून दिलं. कार्यकर्त्यांसमोर ओट्यावर बसून तो गृहस्थ नखं कापत होता आणि मी समोरच्या गॅलरीत तोंडाला पदर लावून उभी होते. "एवढी घाण घेऊन दारोदार नमस्कार करत फिरतोस," एवढंच त्या म्हणाल्या. तो निवडून आला. पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही. पण त्यात आमच्या गल्लीचं काही वेगळेपण नव्हतं.

त्यांचं नाव एस्तेरबाई आढाव. नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. पगारातून हप्ते भरून सावेडीत त्यांनी लहानसं बैठं घर बांधलं, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. आमचं घर बरोबर समोर. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे. त्या मला कुलकर्णीबाई म्हणत, मी त्यांना मेट्रनबाई. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकींच्या नावावर कधी आलो नाही, आणि त्याची गरजही वाटली नाही. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर गेल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण तसं होऊ नये यासाठी बऱ्याच माणसांनी बरेच कष्ट घेतले होते.

बाई प्रेमळ होत्या, असं त्यांच्या अंत्यविधीला बोलणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं. मला ते ऐकवेना. प्रेमळ होत्याच, पण त्यांचा खरा गुण तुच्छता हा होता. दवाखान्यात जसं स्पिरिट वापरतात तशी त्या ती वापरत. लागायची, झोंबायची आणि जागा साफ व्हायची. आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वारले तेव्हा त्यांचा मुलगा शवाला मिठी मारून इतका रडला की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मेट्रनबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आता पाणी येतंय. वॉर्डात बेडपॅन द्यायला बोलावलं तेव्हा तुझी मीटिंग होती." रडणं टाचणी लावल्यासारखं थांबलं. त्यानंतर बाईंना कुणाच्या मयताला बोलवायचं की नाही यावर गल्लीत दोन मतं पडली.

अशा बाईला कोणी लुबाडेल असं आम्हाला कधी वाटलं नाही. लुबाडणारा दारातून आला असता तर जमलंही नसतं. तो घरातच वाढलेला होता.

प्रकाश हा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला. भावजय माहेरी राहिली, पण मुलाचं शिक्षण, कपडे, कॉलेजची फी, पुढे लग्नाचा हॉल, सगळं आत्याने केलं. मोठेपणी तो विम्याचा आणि गुंतवणुकीचा सल्ला देऊ लागला. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं असं की साखर महाग व्हावी. "आत्या, तू कसली काळजी करू नकोस," हे त्याचं पालुपद होतं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तसं काळजी न करण्याचं क्षेत्र वाढत गेलं. आधी लाइट बिल, मग बँकेची कामं, मग बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर. संदेश प्रकाशच्या फोनवर येऊ लागले. बाईंना वाटलं, बरं झालं, डोळ्यांना त्रास नको.

पेन्शनवाल्यांना दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. त्या वर्षी बाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यावर हिरवी पट्टी होती आणि डाव्या डोळ्याला धुकं दिसत होतं. प्रकाश म्हणाला, यंदा हयातीचा दाखला बँकेत नाही, सरकारी कचेरीत आहे. गाडीतून घेऊन गेला. तिथे कुणीतरी बाईंचा फोटो काढला, अंगठा घेतला, सह्या घेतल्या. स्वखुशीने ना, असं कुणीतरी विचारलं. आपण जिवंत आहोत ते स्वखुशीनेच, असं म्हणून बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. घरी आल्यावर तो विनोद त्यांनी मलाही सांगितला. मीही हसले.

पुढच्या महिन्यात प्रकाशने घराला रंग द्यायचं काढलं. रंगाचा वास आत्याला सोसणार नाही, डोळा नाजूक आहे, तेव्हा पंधरवडाभर ओळखीच्या वृद्धाश्रमात राहावं, हवा चांगली आहे, असं ठरलं. बाई दोन लुगडी आणि औषधांची पिशवी घेऊन गाडीत बसल्या. मला म्हणाल्या, "शेवग्याच्या शेंगा उतरवून घ्या, कुलकर्णीबाई. रंगारी खाऊन टाकतील."

शेंगा मी उतरवल्या. रंग झाला. बाई आल्या नाहीत. प्रकाशला फोन केला तर तो म्हणाला, आत्याला तिथे इतकं करमतंय की ती यायलाच तयार नाही. फोन लावून दे म्हटलं तर म्हणाला, तिला फोन नको वाटतो. मेट्रनबाईंना एखादी गोष्ट नको वाटली तर ती त्या स्वतःच्या तोंडाने सांगत, पुतण्याच्या नाही. मला ते पटलं नव्हतं. मग एका सकाळी समोरच्या दारात एक दलाल आणि एक नवराबायको दिसली. बायको स्वयंपाकघर मोडून केवढं करता येईल ते हाताने दाखवत होती. मी जाऊन विचारलं, घर कुणाचं? दलालाने प्रकाशचं नाव सांगितलं. बाईंचं नाव त्याने ऐकलंही नव्हतं.

वृद्धाश्रमाचा पत्ता प्रकाशने दिला नव्हता, पण बाईंना औषधं पुरवणाऱ्या मेडिकलवाल्याला माहीत होता. काष्टीपर्यंत मी एसटीने गेले आणि तिथून पुढे रिक्षाने. उजाड माळावर पत्र्याची लांबट इमारत, समोर दोन लिंबाची झाडं. राखणदार फाटकाशी बसला होता. बाईंचं नाव घेताच तो उठून उभा राहिला.

"म्हातारी लई कडक हाय बगा," तो म्हणाला. "आल्या दिवशी आमच्या सैपाकवालीला हात धुवाया लावलं. पन तिचं कुनी येत न्हाई. पुतन्या सोडून गेला तो गेलाच. आता पैसं बी बंद केल्यात त्यानं. मालक म्हनतो, हिला कुटं ठिवायची?"

बाई आत एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधत होत्या. मला पाहून आनंद झाल्याचं त्यांनी अजिबात दाखवलं नाही. पट्टी पुरी केली, गाठ मारली, हात धुतले, मग माझ्यासमोर येऊन बसल्या. मी दलालाचं, त्या जोडप्याचं, प्रकाशच्या नावाचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती हयातीची कचेरी नव्हती."

त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मला म्हातारा दिसला. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "वाईट फसलात हो, मेट्रनबाई."

त्या एकदम ताठ झाल्या. "तुम्ही मराठी शिकवता ना? मग फसले म्हणू नका. मला फसवलं म्हणा. फसले म्हटलं की करणारा वाक्यातून पळून जातो."

तीस वर्षं मी कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं. व्याकरणाचा इतका उपयोग असतो हे मला त्या पत्र्याखाली कळलं.

मला वाटलं होतं, त्या आधी घरी चला म्हणतील. त्या म्हणाल्या, पोलिसात.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता आणि वाईट नव्हता. त्याला फक्त काम वाढायला नको होतं. त्याने बाईंना आजी म्हणून हाक मारली, चहा मागवला आणि सांगितलं की हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा, शिवाय घरातलं आहे तेव्हा घरात मिटवलेलं बरं. बाईंनी चहा बाजूला सरकवला. "मी कुणाची आजी नाही. मी तक्रारदार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या पिशवीतून कोणी पाचशेची नोट काढली तर ती चोरी. घर काढलं तर ते दिवाणी. आणि मिटवायचं कुठल्या घरात? तेच तर गेलंय."

तक्रार त्या दिवशी घेतली गेली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. मग त्या जिल्ह्याच्या वरिष्ठ कार्यालयात जाऊन बाकावर बसल्या. कोणाशी भांडल्या नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, आपण का बसलो आहोत, ते दवाखान्यातल्या खणखणीत आवाजात सांगत राहिल्या. आवारात लोक थांबून ऐकू लागले. संध्याकाळच्या आत फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला. कायद्याचा अर्थ तोच होता, कलमं तीच होती. फक्त आता ती ऐकू येत होती.

त्यांची केस शिंदे नावाच्या तरुण वकीलबाईंनी घेतली. त्या बाईंना कायदा समजावून सांगत होत्या तेव्हा मी शेजारी होते. ज्याच्यावर म्हाताऱ्या माणसाचा सांभाळ आहे त्याने त्याला कुठे नेऊन कायमचं टाकून दिलं, तर ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात त्याला शिक्षा आहे, असं त्या म्हणाल्या. किती, असं बाईंनी विचारलं. जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. बाई हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"पाच हजार," त्या म्हणाल्या. "मला तिथे टाकायला गाडीत पेट्रोल घातलं, वाटेत जेवला, त्यात थोडे घातले की झालं. म्हातारी टाकणं स्वस्त आहे हो आपल्याकडे."

शिंदे वकिलांनी घाईने सांगितलं की फसवणुकीच्या कलमाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि घरासाठी वेगळा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो. बाईंनी डोळे पुसले. "मग ते पाच हजारवालंही लावा, सातवालंही लावा. दर काय आहे तो लोकांना कळू दे."

गुन्हा दाखल झाल्याची बातमी पेपरात चार ओळींत आली आणि सावेडीतल्या सुशिक्षितांना कंठ फुटला. मॉर्निंग वॉकला जाणारे निवृत्त इंजिनिअर, हौसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, माझ्याच शाळेतले माजी मुख्याध्यापक, सगळ्यांचं एकच मत पडलं. एवढ्या हुशार बाई, सही करताना वाचायला नको का? डोळ्याला पट्टी असताना कसं वाचायचं, असं मी विचारलं की ते म्हणत, तरी पण. या 'तरी पण'मध्ये आपल्या समाजाची अर्धी नीती बसते. चोराबद्दल कोणी बोलत नव्हतं. प्रकाश रस्त्यात भेटला तर हेच लोक त्याच्याशी हात मिळवत, कारण तो नमस्कार छान करायचा. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं की त्याने ते कागद नक्की कसे केले, म्हणजे नियम काय आहे. त्यांच्या घरी नव्वदीच्या सासूबाई होत्या.

प्रांतांनी काही महिन्यांत निकाल दिला. सांभाळ करण्याचं कबूल करून घर घ्यायचं आणि मालकिणीला माळावर नेऊन टाकायचं हे चालणार नाही, असं म्हणून त्यांनी त्या कचेरीत प्रकाशने करून घेतलेलं घराचं बक्षीसपत्र रद्द केलं. तोवर बाई माझ्याकडे राहत होत्या. किल्ली मिळाली त्या दिवशी आम्ही दोघी रस्ता ओलांडून गेलो. भिंतींना खरोखरच रंग दिलेला होता, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरेल असा मोतिया. तेवढं एक प्रकाशने खरं सांगितलं होतं. बाकी घर रिकामं होतं. पलंग नव्हता, कपाट नव्हतं, निवृत्तीच्या वेळी दवाखान्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. बाईंनी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, पदर खोचला आणि फिनेल आणायला मला पिटाळलं. फरशी पुसून झाल्यावर त्या उंबऱ्यावर बसल्या.

"मी जन्मभर माणसांची नखं बघितली," त्या म्हणाल्या. "त्याचीही बघायची. नखं स्वच्छ होती हो त्याची."

या सगळ्यात त्यांनी स्वतःवर काढलेला तो एवढाच राग.

घर परत मिळालं आणि खरा त्रास सुरू झाला. आतापर्यंत गप्प असलेले नातेवाईक आता बोलू लागले, कारण आता त्यांना बोलायला सोपं झालं होतं. घर मिळालं ना, मग आता फौजदारी कशाला? या मंडळींचे पुढारी बाईंचे चुलतभाऊ थॉमसदादा. पांढरे केस, पांढरा झब्बा, आवाजात कायम प्रार्थना संपल्यासारखा जडपणा. बाई वृद्धाश्रमात होत्या तेव्हा त्यांना भेटायला दादांना सवड झाली नव्हती. आता ते आठवड्याआड येत, सोबत मावसबहिणी, मेहुणे, कधी प्रकाशची बायको. ओट्यावर खुर्च्या कमी पडत म्हणून माझ्याकडच्या नेत. दादा क्षमेवर बोलत. क्षमा कशी मोठी, राग कसा आत्म्याला पोखरतो, पोराचं आयुष्य कसं उभं राहायचं आहे. पोराच्या डोक्याला टक्कल पडलं होतं, पण पोराचं आयुष्य उभं राहायचं होतं. आत्याचं आयुष्य कुठे नेऊन आडवं केलं होतं, याचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात येत नसे.

एकदा बाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "दादा, क्षमा मी कधीच केलीय. ती माझी होती, मी दिली. पण गुन्हा सरकारजमा आहे. तो माझ्या पदरात बांधलेला नाही, की तुम्ही म्हटलं आणि मी सोडला."

दादांना हे समजलं नाही. त्यांनी बाईंना पाषाणहृदयी म्हटलं आणि चहा पिऊन गेले.

या काळात प्रकाशने निरोप पाठवला की आत्याच्या खात्यातून परस्पर काढलेले पैसे तो हप्त्याहप्त्याने देईल, फक्त आमची तडजोड झाली असं आत्याने लिहून द्यावं. फसवणुकीच्या गुन्ह्यात ज्याला फसवलं त्याची तयारी असेल तर कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटवता येतं, असं शिंदे वकिलांनी सांगितलं. म्हणजे सगळं बाईंच्या एका सहीवर अडलं होतं. गंमत पाहा. ज्या बाईची सही डोळ्याला पट्टी असताना चटकन घेतली, तिच्याच सहीसाठी आता सगळं गणगोत ओट्यावर बसून होतं आणि बाईंचे दोन्ही डोळे आता स्वच्छ होते.

मी एकदा त्यांना विचारलं, हे सगळं झेपतंय का. त्या शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "वॉर्डात पू झालेल्या जखमेवर नातेवाईक म्हणायचे, सिस्टर, वरून बांधून टाका, दुखतंय त्याला. मी बांधली असती तर त्याच दिवशी सगळ्यांनी माझं कौतुक केलं असतं."

खटला उभा राहायला बराच काळ गेला. तारखा पडत, आम्ही रिक्षाने जात असू, बाकावर बसत असू, परत येत असू. बाईंची साक्ष झाली तो दिवस उन्हाचा होता. कोर्टात पंखा होता पण वारा नव्हता. बचावाच्या वकिलाने त्यांना खुर्ची द्यायला सांगून सुरुवात केली, आणि बाईंनी उभं राहूनच सांगते म्हणून ती नाकारली. पुतण्यावर तुमचं प्रेम होतं ना, असं त्याने विचारलं. होतं, त्या म्हणाल्या. मग प्रेमाने घर दिलंत आणि नंतर मन बदललं, असंच ना?

"प्रेमाने मी त्याला शिकवलं," बाई म्हणाल्या. "प्रेमाने त्याचं लग्न लावलं. प्रेमाने द्यायचं असतं तर हयातीचा दाखला म्हणून कशाला दिलं असतं?"

वकील बराच वेळ त्यांच्या आठवणीवर, डोळ्यांवर, वयावर घसरत राहिला. बाईंना तारीख आठवत नव्हती तिथे त्या आठवत नाही म्हणाल्या. जे आठवत होतं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, फोटो काढणाऱ्याच्या अंगाला तंबाखूचा वास होता इथपर्यंत. प्रकाश मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्याचा शर्ट तेव्हाही इस्त्रीचा होता.

साक्ष संपल्यावर न्यायाधीशांनी सहृदयपणे विचारलं की बाई, तुमचं वय पाहता हे मिटवावं असं वाटत नाही का, अजून शक्य आहे.

बाईंनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "साहेब, माझं वय पाहूनच त्याने हे केलं. आता माझं वय पाहूनच सगळे सोडून दे म्हणतात."

न्यायाधीशांनी मान हलवली आणि लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल लागला त्याला आता दीड वर्ष होईल. त्यावरचं अपील अजून चालू आहे, बाई गेल्या तरी ते चालू आहे, आणि वरच्या कोर्टात काय होईल ते मला माहीत नाही. बाईंनी घर दवाखान्यातल्या त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका सिस्टरच्या नावे केलं. ती शेवटची दोन वर्षं त्यांच्याकडे राहत होती. ते मृत्युपत्र त्यांनी स्वतः वाचून, मला मोठ्याने वाचायला लावून, मग सही करून केलं. नातेवाईकांचं म्हणणं आहे की बाईंना त्या सिस्टरने फसवलं. हा शब्द त्यांना आता बरोबर वापरता येतो.

पण मला आठवतो तो निकालाचा दिवस. दोन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. पाठीमागे प्रकाशच्या बायकोने हुंदका दिला. अपील करेपर्यंत शिक्षा थांबवायची तर नवा जामीनदार लागत होता, कोर्टाची वेळ संपायच्या आत. आधीच्या जामिनाला त्याचा मेहुणा उभा होता. त्याने या वेळी फोन उचलला नाही. मग प्रकाशची बायको एकेकाला विचारू लागली. बाईंच्या ओट्यावर प्रकाशसाठी क्षमा मागायला आलेले बरेच जण त्या दिवशी निकाल ऐकायला आले होते. एकाची जमीन सामाईक निघाली, एकाची कागदपत्रं पाथर्डीला होती, एकाला मुलीला विचारावं लागणार होतं. थॉमसदादांच्या नावावर शहरात दोन घरं आहेत. दादांनी डोळे मिटून तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले आणि रिक्षा थांबली आहे म्हणून निघून गेले. आत्याने आयुष्याची कमाई विसरावी असं सांगणाऱ्या त्या सगळ्यांपैकी एकालाही आपला सातबारा दोन दिवस कोर्टात ठेवावासा वाटला नाही. आवार बघता बघता रिकामं झालं. राहिलो आम्ही, शिंदे वकील, प्रकाशची बायको आणि त्याला न्यायला आलेले पोलीस.

मला वाटलं, बाई आता समाधानाने घरी चला म्हणतील. त्या काठी टेकत पोलिसांच्या गाडीकडे निघाल्या. मी मागे. त्यांनी पिशवीतून एक पंप काढला, दम्याचे रुग्ण तोंडात धरून ओढतात तो, आणि सोबत डॉक्टरच्या सहीची चिठ्ठी. तुरुंगात बाहेरचं औषध चिठ्ठीशिवाय घेत नाहीत, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. ते हवालदाराच्या हातात देऊन त्या म्हणाल्या की याला लहानपणापासून दमा आहे, थंडीत पहाटे वाढतो, झोपताना उशाशी असू द्या. त्याच्या लहानपणी अशा कितीतरी रात्री त्या त्याला मांडीवर उभा धरून बसल्या असतील. त्याबद्दल मला त्या कधी बोलल्या नव्हत्या.

प्रकाशने मान वर केली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याचा आवाज साखरेशिवाय ऐकला. "आत्या, एवढी काळजी होती तर केस मागे का नाही घेतलीस?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, पण दयाही नव्हती.

"दमा काही तू ठरवून केला नव्हतास," त्या म्हणाल्या, आणि वळून रिक्षा शोधू लागल्या.